सोनेरी पंचावरचा अंगठा

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. रस्त्यात कुणी उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं की मैत्रिणी वळसा घालायच्या, मी सरळ ओलांडून जायचे. मायक्रोस्कोपखाली दिसेल ते खरं, बाकी सगळ्या थापा — नोकरीच तशी आहे माझी. तरी हे लिहितेय. हसायचं त्यांनी खुशाल हसा.

जळगाव एमआयडीसीत आमचं छोटं कोटिंग युनिट आहे. पत्र्याला भोकं पाडणारे पोलादी पंच आमच्याकडे येतात. ते धुवायचे, बंद चेंबरमध्ये लावायचे, आतली हवा काढायची आणि त्यांच्यावर टायटॅनियम नायट्राइडचा थर चढवायचा. थर केसाहून कितीतरी पातळ, पण असा कडक की कानस घासली तर कानसच बोथट होते. रंग अस्सल सोन्याचा. शेजारच्या काकू अजून विचारतात, "एखादा तुकडा घरी नाही का गं आणता येत?"

पथ्य एकच — धुतल्यावर उघडा हात लावायचा नाही. बोटाचं तेल लागलं की तिथे थर नीट धरत नाही, आणि माल बाहेर आला की सोन्यात तो ठसा रेघ न् रेघ दिसतो.

माझे वडील, आबा, या युनिटमध्ये चेंबर भरायचे. तपासणीला मी नंतर लागले. आबा मूळचे लेथवाले. काम सुरू करताना लोखंडाला हात लावून तो कपाळाला न्यायचा, ही त्यांची जन्माची सवय. शेठनी समजावल्यावर सोडली बिचाऱ्यांनी. हातमोजे घालून नुसते हात जोडायचे.

तरी एकदा पंचावर अंगठा उमटला. मग पुन्हा. आबांच्या अंगठ्यावर लेथवर कापल्याचा आडवा व्रण आहे. ठशातही तोच आडवा छेद!

"आबा, यावर तुमचं नावच लिहिलंय की," शेठ म्हणाले. रागावून नाही, पण सगळ्यांसमोर.

"मी हात लावा नही, शेठ."

शेठनी त्यांना पॅकिंगला बसवलं. थोडे दिवस आबांनी खोकी बांधली, मग काम सोडून धुळ्याजवळच्या आमच्या गावी गेले. मी इथेच जळगावात, पिंप्राळ्याला सासरी. फोनवर विषय एकच — "मी हात लावा नही वं माय." ताटातलं अर्धं तसंच ठेवतात, असं आई सांगायची. माझा आबांवर विश्वास होता, पण ठसाही मीच तपासला होता.

आणि मग काही महिन्यांनी तो माल आला. नवं गिऱ्हाईक, कोरे पंच, हातमोजे त्याच दिवशी पाकिटातून काढलेले. चेंबर भरेपर्यंत मी स्वतः शेजारी उभी होते. दार उघडलं तर वरच्याच पंचावर अंगठा. आडव्या छेदासकट.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. शेठनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं. मग हळूच म्हणाले, "आबांना बोलावून घे. त्यांची जागा त्यांचीच आहे."

रविवारी पंच डब्यात घालून मी धुळ्याची बस पकडली. खोटं कशाला बोलू, भीती पार पळाली होती. कधी एकदा आबांच्या हातात तो पंच देते, असं झालं होतं मला.

आबांनी तो उजेडात धरला. आपला अंगठा शेजारी नेला.

"हाऊ ते मनाच अंगठा शे."

"पन आबा, तुम्ही ते आठे व्हतात! म्हणजे तवय बी तुम्ही हात लावा नही!"

त्यांचं लक्ष नव्हतं. आपल्याच हाताकडे बघत होते, परक्याच्या हाताकडे बघावं तसे.

"आठे बशीसन बी मना हात तठे जास," ते म्हणाले. "मंग तवय बी मीच लायेल व्हई. मालेच समजनं नही. शेठ खोटं बोलना नही, माय."

इथे बसून हात तिथे पोचतो, तर तेव्हाही नकळत आपणच लावला असणार, हे त्यांच्या मनातून जाईना. मी डोकं आपटून समजावलं. शेठनीही फोन केला. आबा कामावर परत आले नाहीत. त्यांची बाजू खरी ठरवायला मी पुरावा घेऊन गेले, आणि आजवर स्वतःच्या शब्दाला धरून बसलेला माझा बाप त्या दिवशी स्वतःच्याच नजरेत खोटा पडला.

धुण्याची टाकी, हातमोजे, चेंबर... सगळं मी उलटसुलट तपासलं. आबांनी कधी न पाहिलेल्या पोलादावर त्यांचा अंगठा कसा उमटला, मला आजही सांगता येत नाही. तसा ठसा नंतर पुन्हा दिसला नाही. कुणाला कारण सुचलं तर जरूर सांगा. मला मात्र आता एवढंच वाटतं, तो पंच मी तिथेच टाकून द्यायला हवा होता.

दिवाळीत गावी गेले तेव्हा आबांच्या पाया पडले. "सुखी ऱ्हाय," ते म्हणाले. मी वाकूनच थांबले, डोक्यावर हात येईल म्हणून. मान वर केली तेव्हा त्यांचे दोन्ही हात पाठीमागे होते.