झिपरूचा डावा हात

नवा गडी आला की कमळू आधी त्याचे हात बघायचा. पाय नाही, छाती नाही, हात. तळवे उलटसुलट करायचा, मनगट चाचपायचा आणि मग त्याला कोणाच्या शेजारी उभा करायचा ते ठरवायचा. डोळखांबच्या वर, डोंगराच्या कुशीतल्या उंबरवाडीचा हुतुतूचा संघ त्याने असा हाताला हात जोडून उभा केला होता. एकोणीस वर्षं हा संघ पौषातल्या म्हसाच्या जत्रेत उतरत होता. सुरुवातीला कमळू स्वतः खेळायचा. गुडघे कुरकुरायला लागल्यावर तो रेघेबाहेर उभा राहून गडी लावू लागला.

हुतुतूत चढाईला येणारा एकटा असतो. एका दमात हुतुतू म्हणत तो समोरच्यांत शिरतो. त्याला अडवणारे मात्र दोघे-दोघे एकमेकांचे हात धरून साखळी करतात. लोक नाव घेतात ते चढाई करणाऱ्याचं. कमळूचा जीव साखळीत असे.

भाताची झोडणी आटपली, पेंढा रचून झाला की मोकळं झालेलं खळं हेच त्यांचं मैदान. सगळ्यांनी मिळून पाणी मारायचं, लाकडी चोपण्यांनी भुई चोपायची, शेणाने सारवायची, राखेच्या रेघा ओढायच्या. जो चोपायला आला नाही तो खेळायला नाही, हा कमळूचा एकच कायदा. पाटलाच्या घरचा असो की गावकुसाबाहेरच्या पाड्यावरचा.

झिपरू त्या पाड्यावरचा. त्याला जमीन नव्हती. रानातली लाकूडतोड, लोकांच्या शेतातली मजुरी, आणि म्हसाची जत्रा आटपली की कुटुंब घेऊन वीटभट्टीवर जाणं, हे त्याचं वर्ष. गावातल्या घरांत तो ओटीच्या खाली बसायचा. त्याच्या ओंजळीत पाणी वरून ओतलं जायचं. खळ्यात मात्र तो उजव्या कोपऱ्याचा गडी होता, आणि त्याचा डावा हात कोणा ना कोणा गाववाल्याच्या हातात असायचा. पहिल्या वर्षी कुरबूर झाली, तेव्हा कमळू म्हणाला, "हात मोठा हाय. धरला तर सोडत नाय." त्यावर त्याने कधी दुसरा शब्द खर्च केला नाही.

विठू हा नथू पाटलाचा भाचा, आणि चढाईचा गडी. डोहावर खंड्या पक्षी सूर मारतो तशी त्याची उडी. तो रेघ ओलांडायला निघाला की म्हसाच्या जत्रेत बैलांचे दात बघणारे लोकही हातातलं दावं तसंच धरून खेळाकडे वळत. पण मोहाची दारू त्याला लवकर लागली होती, आणि राग त्याहून लवकर. हरणं त्याला माहीत नव्हतं. हसणं, म्हणजे लोकांनी त्याला हसणं, मुळीच सोसत नव्हतं.

एकेचाळीस सालच्या मार्गशीर्षात सरावाच्या वेळी झिपरूने त्याचा घोटा धरला. विठूने झटके दिले, गुरासारखा फिरला. झिपरूने पकड सोडली नाही. शेवटी विठूचा दम तुटला. खळ्याकाठचं कोणीतरी ओरडलं, "पाटलाचा भाचा शेणात लोळला रे!" सगळे हसले. झिपरूही हसला. विठू उठला, त्याने झिपरूचा डावा हात धरला, पिळला, आणि त्यावर गुडघा टाकला. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला.

त्या संध्याकाळी कमळूने सगळ्यांदेखत सांगितलं, "मी हाय तवर विठू ह्या खळ्यात उतरायचा नाय." मग पाड्यावर जाऊन झिपरूलाही तेच सांगितलं. हात बसवायला वैदू आला, पाला बांधला. पण हाड वाकडंच सांधलं. त्या वर्षी झिपरूला कुऱ्हाड धरता आली नाही. भट्टीवर मुकादमाने त्याला माघारी पाठवलं. सरू, त्याची बायको, एकटीच विटा वाहायला राहिली.

विठू मुरबाडकडच्या एका गावातून खेळला. तिथेही कोणाचं डोकं फोडलं. त्यांनी हाकललं, तो परत आला आणि मामाच्या ओटीवर बसून राहिला.

लढाई चालू होती. कल्याणच्या छावणीत माणसं हवी होती. त्रेचाळीस सालची सुगी झाली तसे वाडीतले तरुण एकेक करून तिकडे गेले. कमळूने खळ्याच्या काठावर बसून मोजलं: झिपरूला धरून सहा गडी. उरले ते म्हातारे, नाहीतर पोरं. सात गडी नाहीत त्या गावाची जागा म्हसाच्या मैदानावर दुसऱ्या गावाला जायची, आणि गेलेली जागा परत मिळाल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. सातवा गडी कोण, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ते बोलायचं कोणी, एवढंच बाकी होतं.

पाटलाने कमळूला बोलावलं. ओटीवर विठू खांबाला टेकून बसला होता. खाली अंगणात झिपरू उभा होता. त्यालाही बोलावणं गेलं होतं.

"कमळू, हट्ट पुरे आता," पाटील म्हणाला. "पोरानं चूक केली. दोन वर्षं भोगली. आता गावाच्या नावाचा प्रश्न हाय."

"मी शब्द दिलाय, पाटील."

"कोणाला? ह्यालाच ना?" पाटलाने अंगणाकडे मान वळवली. "काय रे झिपऱ्या? विठू उतरला तर तुझी काय हरकत?"

झिपरूने कमळूकडे पाहिलं नाही. उजव्या हाताने डावं मनगट धरून तो जमिनीकडे बघत होता. "तुमी म्हनाल तसं, पाटील."

"झालं!" पाटील हसला. "ज्याचा हात मोडला त्याचं काय नाय, आनि तू कशाला रडतोस?"

कमळू उठला. "उद्या सांगतो," एवढंच बोलून तो पायऱ्या उतरला.

घरी जनाने त्याच्यापुढे नाचणीची भाकरी ठेवली. तो तुकडा मोडून बसून राहिला.

"अवो, भाकरी काय साखळीत लावायचीय? खा की."

"झिपरू हो म्हनाला."

"कुठं म्हनाला?"

"पाटलाच्या अंगणात."

जना चुलीशी होती, तिने मागे वळूनही पाहिलं नाही. "पेरणीपासून सुगीपर्यंतची मजुरी त्याची पाटलाच्या शेतात. त्या अंगणात उभा राहून तो काय म्हननार व्हता? तुमी तरी म्हनाला असता का?"

कमळूने भाकरी झाकून ठेवली आणि तो निघाला.

पाड्यावर त्याला पाहून झिपरू लगबगीने उठला. कुडाच्या झोपडीला ओटी नव्हती. कमळू दाराशी भुईवरच बसला. सरूने पाण्याचा लोटा आणला आणि ती घोटाळली. वरून ओतावं की हातात द्यावा, तिला कळेना. कमळूने हात पुढे करून लोटा घेतला आणि प्यायला.

"झिपरू, सकाळी पाटलानं विचारलं. आता मी विचारतो. इथं तुझ्या दारात. नाय म्हन, तर मी म्हसाला निरोप धाडतो की उंबरवाडी येत नाय. तुझं नाव घेनार नाय."

झिपरूच्या आधी सरू बोलली. "त्या सालात विटा मी वाह्यल्या, दादा. पाटी डोक्यावर घेताना मला विठूचं तोंड दिसायचं. तो खेळला नाय म्हनून तुमच्या गावाची जागा जाते. आमच्या घरचं काय गेलं ते कोनी मोजलं?"

"नाय मोजलं," कमळू म्हणाला. "म्हनून आलो."

मग झिपरूने डावा हात पुढे केला. मनगटाच्या वर हाडाची गाठ आली होती. तो त्या हाताकडे दुसऱ्या कोणाच्या हाताकडे बघावं तसा बघत होता.

"उतरू दे त्याला," तो म्हणाला. "पन चढाई नाय. एक बी नाय. माझ्या शेजारी साखळीत उभा करा. हा हात त्यानं धरायचा. पुरा खेळ. मला बघायचंय."

"आनि सोडला तर?" सरूने विचारलं.

"सोडला तर मी खेळाबाहेर."

"आनि मी बी," कमळू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने विठूला खळ्यावर गाठून हे सांगितलं, तेव्हा विठू आधी हसला.

"साखळीत? मी? बांगड्या पण भरू का, कमळूकाका?"

"भर. धरायला अडचन नाय व्हायची."

"मी चढाईचा गडी हाय!"

"व्हतास," कमळू म्हणाला आणि चोपणं उचलून भुई चोपू लागला.

विठू पाय आपटत गेला. दोन दिवस आला नाही. पाटील दोनदा निरोप पाठवून थकला. कमळूचं उत्तर बदललं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी विठू आला, कोपऱ्यातलं चोपणं घेतलं आणि कोणाशी न बोलता कामाला लागला. त्याच्या तोंडाला दारूचा वास नव्हता. दुपारी कमळूने साखळी लावली. झिपरूने हात पुढे केला. विठूने तो सवयीने मनगटावर धरला आणि त्याच्या बोटांना ती गाठ लागली. तो एकदम थांबला. त्याने हात सोडला नाही, पण नजर मात्र लांब पेंढ्याच्या उडवीवर नेऊन ठेवली.

म्हसाची वाट दीड दिवसाची. घोंगड्यांची दुकानं, बैलांच्या रांगा, धुरळा. आणि त्या सगळ्याच्या कडेला राखेने आखलेलं मैदान. उंबरवाडी आली म्हटल्यावर गर्दी झाली, आणि विठू परत आलाय म्हटल्यावर आणखी झाली.

पहिला सामना त्यांनी साखळीवर जिंकला. विठू आणि झिपरूच्या कोपऱ्यात जो शिरला तो परत गेला नाही. पण गर्दीला ते नको होतं. लोक विठूची चढाई बघायला आले होते. दुसऱ्या सामन्यात समोरचे मुरबाडकडचे, विठूला हाकलणारेच. सूर्य देवळाआड गेला की खेळ थांबायचा. ऊन कळसावर आलं तेव्हा उंबरवाडी एका गड्याने मागे होती आणि शेवटची चढाई त्यांची होती.

"विठू! विठू!" गर्दी ओरडू लागली. नथू पाटील उठून उभा राहिला. "कमळ्या, सोड त्याला! गावाचं नाक कापतोस का?"

आपल्याच गड्यांनी माना वळवल्या. एक शब्द टाकला की सामना जिंकला. हे त्याला इतरांहून जास्त कळत होतं. विठू त्याच्याकडे बघत होता. त्याच्या मांड्या ताणल्या होत्या, एक टाच उचललेली होती. झिपरू समोर बघत होता. तो कोणाकडेच काही मागत नव्हता.

कमळूने विठूच्या हाताकडे पाहिलं. तो अजून त्या मनगटावर होता.

"कान्हा," तो म्हणाला, "तू जा."

कान्हा हा त्यांचा सर्वांत नवा गडी. तो जिवाच्या आकांताने गेला, एकाला शिवलाही, पण रेघेपासून हातभर अंतरावर त्याला पाडलं आणि तिथेच त्याचा दम संपला.

हसणाऱ्यांना मोकळं रान मिळालं. "वाघ दावणीला बांधला आन् करडू धाडलं लढायला!" मुरबाडवाले ओरडले. पाटील गाडी जुंपून एकटाच पुढे निघून गेला. जागा राहिली होती, एवढंच.

परतीच्या वाटेवर ओढ्याशी सगळे शिदोरी सोडून बसले. विठू झिपरूपासून थोड्या अंतरावर होता. कमळूला त्यांचं बोलणं ऐकू आलं.

"दुखत व्हतं का रे?" विठूने विचारलं.

"थंडीत दुखतो."

"मग सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तू सोडला असतास."

विठूने हातातली भाकरी खाली ठेवली. मग म्हणाला, "माझी चूक झाली, झिपरू." झिपरूने आपल्या फडक्यातला मिरचीचा ठेचा त्याच्याकडे सरकवला.

वर्षभर गावात कमळूला ऐकावं लागलं. पाटलाने त्याला दिवाळीला बोलावलं नाही. जना विहिरीवर गेली की बायका गप्प व्हायच्या. कमळू भात लावत होता, निंदत होता, कापत होता. कोणी म्हसाचा विषय काढला तर म्हणायचा, "जागा हाय आपली," आणि विळ्याला धार लावायचा.

पुढच्या सुगीनंतर झोडणी आटपली. सकाळी तो खळ्यावर पोचायच्या आधीच चोपण्यांचा आवाज येत होता. झिपरू आणि विठू समोरासमोर वाकून भुई चोपत होते.

दुपारी गडी लावायची वेळ आली. झिपरू उजव्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. विठू सवयीने त्याच्या शेजारी आला आणि त्याने हात पुढे केला. झिपरूने तो धरला नाही. त्याने कान्हाला हाक मारून आपला डावा हात त्याच्या हातात दिला.

"तू तिकडं जा," तो विठूला म्हणाला. "रेघेवर. चढाईला."

विठू जागचा हलला नाही. त्याने कमळूकडे पाहिलं.

"काय रे झिपरू," कमळू म्हणाला, "गडी कोन लावतो इथं? मी सांगितलं का?"

"हात माझा हाय, दादा," झिपरू म्हणाला.

कमळूने मान डोलावली. मग राखेची पाटी घेऊन तो वाकला आणि विठूच्या पायांपुढे रेघ ओढू लागला.