पारण्याचा शिरा

पोरांनो, परवा फोनवर तुमची आई सहज बोलून गेली, की तुमच्यातल्या धाकटीनं रात्रीचं जेवण सोडलंय आणि सगळे तिच्या निग्रहाचं कौतुक करतात. म्हणून हे आजच लिहिते आहे. मावशी इतकी हळू का जेवते म्हणून तुम्ही हसता, त्याची गोष्ट. तिला विचारूनच लिहिते.

ती पंधरा वर्षांची होती. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी झाला नव्हता. आम्ही शहराच्या कडेला नव्या कॉलनीत राहायला आलो होतो; घरं आली होती, नळ यायचा होता. तुमचे आजोबा वाळूजच्या कारखान्यात पाळीवर जायचे, टँकरचं पाणी तीच भरायची. तिनं आधी सोमवार धरला, मग गुरुवार, चतुर्थी, शनिवार. मी नीटनेटकी बाई. तिच्या उपासांना कॅलेंडरवर लाल खुणा करायची. साबुदाण्याची खिचडीही ताटात तशीच राहायची. शेजारच्या काकू लासूर स्टेशनकडच्या. म्हणायच्या, "लई कडक पोरगी. आमचे हे तर चतुर्थीला दुप्पट खात्यात." आम्ही हसायचो.

एक दिवस हंडा उचलता उचलता ती दारात बसली, ती उठलीच नाही.

दवाखान्यात कळलं: नाडी मंद, श्वास उथळ, रक्तात पोटॅशियम कमी. श्वास किती पुरतो ते पाहायला डॉक्टरीणबाईंनी तिला एका श्वासात एकपासून आकडे म्हणायला लावले. चौदापर्यंत गेली. मग मला बजावलं, "आई, हिला अन्न औषधासारखं मोजून द्यायचं. आम्ही देऊ तेवढंच."

रिपोर्ट मी स्वतः वाचला. फॉस्फरसचा आकडा ठीक होता. इंग्रजी वाचता येतं, म्हणून मला वाटलं की समजलंही.

काकू भेटायला आल्या. "एवढ्या उपासाचं पारणं नको व्हय? पोट पाठीला लागलंय लेकराचं." मला पटलं. शहागंजातून साजूक तूप आणलं, शिरा केला, डब्यात भरून नेला. ती नको म्हणत होती.

"माझ्यासाठी," मी म्हणाले.

दोन दिवस, नर्सची पाठ वळली की भरवत राहिले. ती गिळत राहिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती आकडे म्हणताना सहाला थांबली. थोड्या वेळानं चारला. डॉक्टरीणबाईंनी उशीजवळचा डबा उघडून पाहिला.

"हे कोणी दिलं?"

"मी."

त्या रागावल्या नाहीत. उपाशी शरीरात एकदम साखर गेली, की पेशी रक्तातलं फॉस्फरस ओढून घेतात. मग श्वासाच्या स्नायूंना बळ उरत नाही, असं त्यांनी सांगितलं. मी वाचलेला आकडा शिऱ्याच्या आधीचा होता. नऊ दिवस यंत्रानं तिच्यासाठी श्वास घेतला. त्या नऊ दिवसांत मी कोणाशी बोलले ते आठवत नाही.

दुखणं तिथं संपलं नाही. पुढची कित्येक वर्षं प्रत्येक ताटाशी तिची लढाई होती, आणि काही वर्षं ती हरत होती. जिना चढताना ती अजूनही मध्ये थांबते.

धाकटे, तुझा तो निग्रह आईबरोबर जाऊन डॉक्टरांना दाखव. लपवू नकोस.

शिरा या घरात पुन्हा झाला नाही. मावशी आत्ता माझ्यासमोर जेवते आहे: पोळी, वरण, थोडा भात. एका श्वासात ती बावीसपर्यंत म्हणते.