व्हरांड्यातलं गाऱ्हाणं

रागावायला माणसाला काहीतरी कारण लागतं, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी माझ्या घरमालकिणीचे थोरले भाऊ पाहिलेले नाहीत. सगळी आळी त्यांना मामा म्हणे, म्हणून मीही म्हणत असे. संगमेश्वराकडचं गाव सोडून ते रत्नागिरीत बहिणीकडे राहायला आले होते आणि इथली एकही गोष्ट त्यांना पसंत नव्हती. एसटी वेळेवर आली तर "आज काय घाई झाली मेल्याला?" म्हणून ड्रायव्हरला झापत. बांगड्याचे कल्ले उघडून बघत, डोळ्यांत बघत, कोळणीची उलटतपासणी घेत, शेवटी ती म्हणे, "आजोबा, मासा घेताय का जावई?" मग तिच्याच टोपलीतले सहा उचलून घरी येईपर्यंत तिच्या नावानं धुसफुसत. रेडिओवर बातम्या देणाऱ्या बाईलाही ते मधेच अडवत, "हळू सांग बाय, पाठी कोन लागलाय?"

गावाकडे देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. कुणाची म्हैस आटली, कुणाचा मुलगा मुंबईहून पत्र टाकीना, की मामा देवापुढे उभे राहून ती अडचण खणखणीत आवाजात सांगत आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणत. दुसऱ्याचं दुःख मोठ्यानं सांगायची ही सवय त्यांनी शहरातही सोडली नव्हती, आणि तिनंच माझा घात केला.

मी लातूरकडचा. आठवीत शाळा सुटली आणि फिरत फिरत इथल्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला लागलो. सन पंच्याऐंशीच्या सुमारास माझे हात कापायला लागले. खिळा पट्टीत बसवायला जावं तर तो जमिनीवर. छाती धडधडे, श्वास पुरत नसे. मालकांनी महिन्याची मुदत दिली. हात सुधारले नाहीत तर घरी जा. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, शरीर ठणठणीत आहे, मनातलं कुणाशी तरी बोला. आणि एका निवृत्त प्राध्यापकांचा पत्ता दिला. ते वेळ ठरवून घरीच समुपदेशन करत.

हे मी मामांना सांगायलाच नको होतं. "बोलायला परका मानूस कशाला? मी मेलो काय?" इथून सुरुवात झाली. मग म्हणाले, "चप्पल घेताना पायात घालून बघतोस ना? मग मन काय वाटेवर पडलंय, कुनाच्या पन हातात द्यायला?" आणि मला कागदावर प्रश्न लिहून घ्यायला लावले. शिकलास कुठं? ऐकलेलं कुनाला सांगनार? बायकोला पन नाय ना? किती दिवस यायचं? नाय पटलं तर सोडायची मोकळीक हाय? हात थांबले नायत तर पुढं कुनाकडं धाडशील? "ह्ये विचारल्याबिगर पोटातलं एक अक्षर भायेर काढू नको." 'शिकलास'चं 'शिकलात' मी गुपचूप केलं.

ठरल्या दिवशी मामा सोबत आलेच. प्राध्यापकांच्या व्हरांड्यातल्या बाकावर तीन माणसं होती. सरांनी दार उघडलं आणि मी खिशातून कागद काढायच्या आत मामांनी टोपी सारखी केली, हात जोडले. "तर सायेब, ह्यो आमच्या भैनीचा भाडेकरू, मुलूख सोडून आलेला. ह्येचे हात कापतात, रातचा रडतो, आईला खोटं लिवतो की मजेत हाय..." बाकावरची म्हातारी सवयीनं म्हणाली, "व्हय म्हाराजा."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. आजही आठवलं की होते. जे मी जन्मदात्या आईपासून लपवलं, ते या माणसानं भिंतीपलीकडून ऐकावं आणि प्रसादासारखं व्हरांडाभर वाटावं? कुणी दिला होता त्यांना हा मान? "मामा, गप्प बसा! ते माझं आहे!" आयुष्यात पहिल्यांदा मी कुणावर ओरडलो. मामांचा चेहरा पडला. सर शांतपणे म्हणाले, "खरं आहे. त्यांचं आहे, ते सांगतील. आपण बाहेर बसा."

आत मी कागद वाचला. सरांनी एकेक उत्तर दिलं. कुठे शिकले ते सांगितलं. इथलं इथेच राहील. जिवाला धोका दिसला तरच कुणाला सांगावं लागेल, तेही तुम्हाला सांगून. सहा वेळा या, मग दोघं मिळून ठरवू. नाही पटलं तर खुशाल सोडा. औषधाची गरज वाटली तर डॉक्टरांकडे पाठवीन. मग हसून विचारलं, "हे प्रश्न कुणी काढले? लोकांना सुचत नाहीत." मी नाव सांगितलं नाही. इतका संतापलो होतो.

पण मग बोलायची वेळ आली आणि तोंडातून शब्द फुटेना. दहा मिनिटं गेली. तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "ए रिक्षावाल्या, भोंगा बंद कर! आत मानूस बोलतोय!" आत कुणीच बोलत नव्हतं. मला हसू फुटलं, हसता हसता रडू आलं, आणि मग मी बोलायला लागलो.

हात काही लगेच थांबले नाहीत, पण महिना संपेतो खिळे पट्टीत राहायला लागले. नोकरी टिकली. मामा दर भेटीला सोबत येत, बाकावर बसत. मी बाहेर आलो की उकाड्यावर चिडत. आत काय झालं, हे मात्र त्यांनी कधी विचारलं नाही.

पुढे ते गावी परतले. एकदा जत्रेला मी गेलो. मामा थकले होते, आवाज तोच होता. म्हशीचं, मुंबईच्या पत्रांचं सगळं देवाला ऐकवून झालं. मग माझ्याकडे बघून थांबले आणि इतक्या हळू बोलले की शेजारच्यांना पुढे वाकावं लागलं. "ह्या पोराचं काय ता तुला म्हाईत हाय. मी सांगनार नाय. ह्येचं ह्यो सांगंल."

सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." माझं मात्र मागून, एकट्याचंच आलं. एरवी असा चुकलेला होकार ऐकला की मामा देवापुढेच झापत. त्या दिवशी त्यांनी नुसती टोपी सारखी केली आणि पुन्हा हात जोडले.