कातरकाकूंचा उजवा हात

आमच्या बाजारगल्लीत शिंप्याचं दुकान एकच, पण शिंपी दोघं. काका मशीनवर, काकू कातरीवर. लग्न झालं त्या वर्षापासूनची ही वाटणी. गल्ली त्यांना कातरकाकू म्हणते. माणूस दारात आला की त्या एकदा डोक्यापासून पायापर्यंत बघायच्या. टेप लावायच्या ती फक्त गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. मग खडूच्या चार रेघा, आणि कातर सुरू. वाळल्या गवतातून वारा जावा तसा तिचा आवाज. मी तो तासन्‌तास ऐकलाय, म्हणून सांगतो.

एकदा वरच्या फळीवरचं अस्तर काढताना काकू स्टुलावरून पडल्या. उजव्या दंडाचं हाड मोडलं. हाड सांधलं, पण त्याला लागून जाणारी नस कायमची गेली. मनगट खाली लोंबू लागलं. मूठ वळायची, पण उघडायची नाही. आणि कातरीचं अर्धं काम तर उघडण्यातच असतं.

वर्षभर काकांनी कापून पाहिलं. शाळेतल्या मास्तरांच्या सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्या निघाल्या.

"अहो, घडी न घालताच कापलंत!"

"असू दे गं. मास्तर तसेही डावखुरे आहेत."

काकू खळखळून हसल्या आणि हसता हसता तोंड फिरवून रडल्या. हात असून आपण नुसत्या बघ्या झालो, हे त्यांना सलत होतं.

शेवटी मोठ्या दवाखान्यात हाताच्या डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी कागदावर हात काढून दाखवला. "बोटं उघडणाऱ्या दोऱ्या शाबूत आहेत, त्यांना ओढणारे स्नायू तेवढे निकामी झालेत. मनगट वाकवायला मात्र एकाहून जास्त स्नायू आहेत. त्यातला एक सोडवून बोटांच्या दोऱ्यांना जोडते. मनगट उचलायलाही असाच एक देते."

"म्हणजे पाठीचं कापड काढून बाहीला जोड," काकू म्हणाल्या.

"अगदी तसंच. पण त्याला नवं काम शिकवायचं तुम्ही."

"शिकवीन. टाके तेवढे बारीक घाला हो. आमच्या दुकानाचं नाव आहे."

शस्त्रक्रिया झाली. महिन्याने प्लास्टर निघालं, आणि हळूहळू मनगट वर राहू लागलं. बोटं मात्र मिटलेलीच. काकू रोज सकाळी हात पुढ्यात घेऊन दरडावायच्या, "उघड!" हात ढिम्म. व्यायाम शिकवायला दुकानात येणारी ताई सांगून दमली, "काकू, उघड म्हणू नका. मनगट वाकवायचं मनात आणा, बोटं आपोआप उघडतील."

काकूंना ते पटेना. "एक सांगून दुसरंच करवून घ्यायचं? जन्मात कोणाला असं फसवलं नाही मी."

"मला फसवलंस की," मशीनवरून काका म्हणाले.

दोन आठवडे गेले. काकूंच्या ताटातलं अन्न उरायला लागलं. हात आता असाच राहणार, हे त्यांनी मनाशी धरलं होतं.

मग एका दुपारी काका पँटला इस्त्री करत होते. कापड कोरडं ठणठणीत. मान वर न करता ते म्हणाले, "पाणी मार गं जरा." काकूंनी सवयीने उजवा हात वाटीत बुडवला आणि झटकला. बोटं उघडली, थेंब पँटभर पसरले.

काका इस्त्री धरून उभेच. पाणी शिंपडताना मनगट वाकतं आणि त्याच झटक्यात बोटं फाकतात. काकूंच्या हाताने ही दोन कामं जन्मभर जोडीनेच केलेली.

"परत मार."

परत बोटं उघडली. मग काकू थांबतात कशाला! पँटवर, भिंतीवर, दारातल्या मांजरावर, काकांच्या चष्म्यावर.

"अगं, पुरे! गिऱ्हाइकाची पँट आहे!"

"वाळेल!"

पुढे तीन महिने तोच झटका, बिनपाण्याचा, रोज थोडा लहान. मग डॉक्टरीणबाईंनी कातरीला परवानगी दिली. काकांनी सरावाला चिंध्या पुढे केल्या. काकूंनी त्या बाजूला सारल्या आणि कपाटातून कोरं निळं कापड काढलं.

"हे कोणाचं?"

"तुमचं. लोकांच्या उरल्यासुरल्या तुकड्यांचे शर्ट घालून आयुष्य काढलंत."

"आणि बिघडलं तर?"

"तुम्हीच घालणार आहात ना? मग कोण बघतंय!"

अख्खी गल्ली दाराशी बघत होती. कातर चावली, थांबली. अंगठा जरा उशिरा उठला, पण उठला. पुन्हा चावली. एकदा रेघ सुटली. काकूंनी जीभ चावली आणि पातं रेघेवर आणलं. गळ्याच्या वळणावर कातर थांबलीच नाही. पुढचा भाग सुटा झाला, तसा काकांनी तो उचलला आणि मशीनवर जाऊन बसले.

"अहो, पाठ कापायचीय अजून!"

"काप की," काका म्हणाले आणि त्यांनी पायडल मारलं.