नवव्या पायरीचा आवाज

गुण्या हे त्याचं खरं नाव नव्हे. गुण्या म्हणजे सुताराचा काटकोन, कोपरा सरळ आहे की नाही ते पाहायचं हत्यार. हा माणूस तो सदैव खिशात बाळगायचा. कुणाच्या घरी पाणी प्यायला बसला तरी टेबलाच्या पायाला लावून बघायचा आणि तोंड वाकडं करायचा. म्हणून लोकांनी हत्याराचं नाव माणसाला चिकटवलं. त्यालाही ते आवडलं असावं, कारण त्याने कधी कुणाला हटकलं नाही.

तेराव्या वर्षी त्याची शाळा सुटली आणि तो मामाच्या हाताखाली लागला. मामाने पहिलं वर्षभर नुसती करवत चालवायला लावली. फळीवर रेघ मारायची आणि रेघेवरून असं कापायचं की अर्धी रेघ शिल्लक राहिली पाहिजे. सगळी पुसली गेली तर फळी बाद. सगळी राहिली तरी बाद. किती फळ्या बाद झाल्या ते विचारू नये. पण हात बसला तो बसलाच. पुढे जिने बांधणं हे त्याचं खास काम झालं. एकसष्ट जिने बांधले, एकही कुरकुरला नाही. हे तो स्वतः सांगायचा नाही. बायको सांगायची, तेही टोमणा म्हणून: "यांचे जिने मुके, आणि हेही मुके."

बासष्टाव्या जिन्याने मात्र त्याला बोलायला लावलं.

पंपांचा कारखाना असलेल्या एका गृहस्थाने नवं घर बांधलं होतं. खाली सगळी संगमरवरी फरशी, सहा स्नानघरं, वर जायला लिफ्टसुद्धा. आणि एवढ्या चकचकाटात मधल्या दालनात त्याला बसवायचा होता एक जुना लाकडी जिना. कुठलंसं दुमजली घर पाडलं जात असताना त्याने तो उचलून आणला होता. सोळा पायऱ्या, प्रत्येकीवर खडूने आकडा, गोणपाटात गुंडाळलेल्या. कडा गेलेल्या. मध्ये पायांनी झिजून चमच्यासारखे खळगे पडलेले.

"साहेब, निम्म्या कष्टात नवा करून देतो," गुण्या म्हणाला.

"हाच हवा."

"मग रंधा मारून सपाट तरी करतो."

"झीज तशीच ठेवा, मिस्त्री."

गुण्याला नवल वाटलं, पण ज्याचं घर त्याची हौस. त्याने तीन आठवडे घेतले. जुने गंजके खिळे एकूण एक उपटून भंगारात दिले. भोकांत खुंट्या ठोकून ती बुजवली. प्रत्येक फळी सरस लावून खाचेत बसवली, खालून पाचरी मारल्या, वरून स्क्रू आवळले. त्या जिन्यावरून बैल चढवला असता तरी त्याने ब्र काढला नसता.

काम पाहायला कारखानदार आला. पायऱ्या मोजत चढू लागला. नवव्या पायरीवर थांबला. दाबून पाहिली. उतरला, परत चढला, टाच आपटली. त्याचा चेहरा नापास झालेल्या पोरासारखा झाला.

"मिस्त्री, ही वाजत नाही."

"नाहीच वाजणार," गुण्या म्हणाला. त्याला वाटलं, कौतुक चाललंय.

"अहो, पण ही वाजायची! तेवढ्यासाठी तर आणला जिना."

गुण्याने पंचा खांद्यावरून काढला आणि तिथेच खालच्या पायरीवर बसला. चाळीस वर्षांत असली तक्रार त्याने ऐकली नव्हती.

कारखानदारही शेजारी बसला आणि सांगू लागला. त्या जुन्या घरात जिन्याखाली एक खोली होती. खोली कसली, खोपटच. त्याचे वडील त्या घराचे रखवालदार, बापलेक तिथे राहायचे. वर घरमालकाचं बिऱ्हाड. मालकाची मुलगी सकाळी कॉलेजला निघाली की नववी पायरी वाजायची, आणि आवाज आला की हा तिची सायकल घेऊन दारात हजर. दोन वर्षं रोज. बोलणं काय, तर "आज उशीर झाला" आणि "हो, झाला खरा". मग त्या लोकांनी घर विकलं. मुलगी दूर गेली, तिचं लग्न झालं, शाळेत शिक्षिका झाली. याने लग्नच केलं नाही. आधी पंप दुरुस्त केले, मग बनवले, मग कारखाना काढला. एक्केचाळीस वर्षं गेली. आता त्या बाई निवृत्त झाल्या होत्या, यजमान वारले होते, आणि येत्या रविवारी दुपारी त्या घर बघायला येणार होत्या.

"जिन्याखाली तशीच खोलीपण काढलीय. बघितलीत ना?"

बघितली होती. गुण्याला वाटलं होतं, झाडू ठेवायला असेल.

"आवाज परत आणता येईल?"

गुण्याने विचार केला. आवाज त्यानेच मारला होता, तेव्हा जबाबदारी त्याची. पण कुरकुरणारी पायरी मागे ठेवून जायचं म्हणजे एवढ्या वर्षांच्या नावावर डांबर. "आणतो," तो म्हणाला, "पण एक अट आहे. कुणी विचारलं तर तुम्ही स्वतः सांगायचं, की हे मुद्दाम केलंय. माझं काम खराब म्हणून नाही."

"शब्द दिला."

"बरं. आवाज कसा होता?"

मग हाताखाली चारशे कामगार असलेला, साठी उलटलेला तो माणूस तोंडाचा चंबू करून म्हणाला, "कुंईंईं... टिक्."

"टिक् लगेच?"

"नाही. पाय उचलला की टिक्."

गुण्याने फळीच्या तुकड्यावर पेन्सिलीने लिहून घेतलं.

आता प्रश्न असा की आवाज होतो कसा? न होऊ द्यायला तो पक्का शिकला होता. करायला शिकलाच नव्हता. आधी त्याने नुसते स्क्रू सैल केले, तर फळी ठोकळ्यासारखी खडखडली. मग तीन दिवस तो गावभर दुसऱ्यांचे जिने चढत हिंडला. दवाखान्यात गेला, वाचनालयात गेला, कचेरीत गेला. एका पायरीवर पुढे-मागे झुलायचा आणि मान वाकडी करून ऐकायचा. दवाखान्यातल्या बाईने विचारलं, "आजोबा, चक्कर येतेय का?" कचेरीतल्या शिपायाने तर खाली नेऊन बसवलं.

पण त्याला कळलं. फळी केसभर खाली जाते आणि दोन पायऱ्यांमधल्या उभ्या पाटीला घासते, तेव्हा कुंईं. परत वर येताना खिळा भोकात सरकतो, तेव्हा टिक्. त्याने खालच्या पाचरी काढल्या, सरस खरवडला, एका बाजूला जुन्या पद्धतीचा चौकोनी खिळा ढिल्या भोकात सोडला. तरी कुंईं येईना, नुसतं खसखस. मग त्याला लाकूड कापायच्या गिरणीतली राळ आठवली. यंत्राचा पट्टा घसरू नये म्हणून लावतात ती. तिची चिमूटभर पूड घासणाऱ्या कडेला चोळली, पाय ठेवला, आणि पायरी किंचाळली.

"फार जाड," कारखानदार म्हणाला. "ती अशी नव्हती."

चूक लाकडाची नव्हती. गुण्या आणि कारखानदार, दोघेही अंगाने भरलेले. आवाज वजनावर असतो. कॉलेजातली मुलगी असेल पंचेचाळीस किलोची. तेव्हा दुसऱ्या दिवशी गुण्याने बायकोलाच आणलं. ती काडीसारखी.

कारखानदार जिन्याखालच्या खोलीत स्टुलावर बसला. गुण्या पायरीखाली पटाशी घेऊन वाकला. बायको वरून उतरू लागली.

"जरा हळू," आतून आवाज आला. "ती घाईत नसायची."

"मला घरी भाकऱ्या टाकायच्यात, मी घाईत आहे," ती म्हणाली. पण उतरली हळू.

अकरा वेळा उतरली. अकराव्या वेळी कुंईंईं असा बारीक, लांब आवाज आला, आणि मग टिक्. बायकोने दारातून डोकावलं आणि पाऊल न वाजवता मागे झाली.

घरी जाताना ती म्हणाली, "डोळे मिटून बसले होते हो. पण एक सांगू? त्या बाई आता साठीच्या. माझ्यासारख्या थोड्याच राहिल्या असतील?"

गुण्या रस्त्यातच उभा राहिला. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "साहेब, बाईंचं आताचं वजन काय असेल?"

"मला काय माहीत? एक्केचाळीस वर्षांत पाहिलेलं नाही."

"मग कुणाच्या बेताने ठेवू? तेव्हाच्या की आताच्या?"

कारखानदाराने नवव्या पायरीच्या खळग्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, "तेव्हाच्या."

रविवारी कारखानदाराने गुण्याला थांबवून घेतलं. हवेने लाकूड फुगलं-आकसलं तर हाताशी माणूस हवा. बाई आल्या. भरलेल्या अंगाच्या, पांढऱ्या केसांच्या, एका गुडघ्याने जरा अवघडलेल्या. कारखानदाराने त्यांना लिफ्टने वर नेलं, खोल्या दाखवल्या, "तुम्ही सावकाश उतरा, मी फोन घेऊन येतो" म्हणून स्वतः लिफ्टने खाली आला आणि जिन्याखालच्या खोलीत शिरून दार लोटून घेतलं.

गुण्या हत्यारांची पेटी घेऊन जिन्याच्या पायथ्याशी उभा होता. बाई कठडा धरून उतरू लागल्या. नवव्या पायरीवर पाऊल पडलं आणि पायरी म्हशीसारखी हंबरली. त्यांनी दोन्ही हातांनी कठडा पकडला.

"अगंबाई! मिस्त्री, हा जिना तुम्ही बसवला?"

"हो."

"एवढं मोठं घर आणि ही पायरी? माणूस पडेल की! असं काम करतात?"

कारखानदार खोलीतून बाहेर आला होता. गुण्याने त्याच्याकडे पाहिलं. दिलेल्या शब्दाची वेळ आली होती. कारखानदार म्हणाला, "लाकूड जुनं आहे. जुन्या लाकडाचं असं होतं."

गुण्याच्या कानशिलाला आग लागली. "बाई, लाकडाचा दोष नाही आणि माझाही नाही," तो म्हणाला. "ती मुद्दाम वाजवलीय. आठ दिवस लागले मला. कशासाठी, ते यांना विचारा."

"कशासाठी?" बाईंनी विचारलं.

कारखानदार फरशीकडे बघत होता. मग त्याने सांगितलं. थोडक्यात, चार वाक्यांत. जिना कुठला, खोली कुठली, पायरी कुठली.

बाई हसायला लागल्या. हसता हसता दहाव्या पायरीवर बसल्याच. "म्हणजे तुम्ही या आवाजावर यायचात? अहो, दोन वर्षं मी विचार करायचे, हा मुलगा बरोबर वेळेवर दारात कसा? मला वाटायचं, याला दुसरा उद्योग नाही." मग हसू ओसरलं. "आणि घर सोडलं त्या दिवशी? मी खाली किती वेळ उभी होते. कुठे होतास तू?"

"खोलीत."

"आला नाहीस."

"हमाल सकाळपासून सामान उतरवत होते. पायरी दिवसभर वाजत होती. त्यातली तू कुठली, ते कळेना."

"दार उघडून बघायचं की."

कारखानदाराने वळून खोलीच्या उघड्या दाराकडे पाहिलं.

थोड्या वेळाने बाई म्हणाल्या, "मिस्त्री, ही नीट करा. माझा गुडघा असा. मी परत आले तर मला पक्की पायरी हवी."

गुण्याने कारखानदाराकडे पाहिलं. आठ दिवसांची मेहनत होती. तिची किंमत त्या दोघांनाच ठाऊक. कारखानदाराने खाली वाकून हत्यारांच्या पेटीतून स्वतः पेचकस काढला आणि त्याच्या हातात दिला.

गुण्याने खिळा उपटला, राळ पटाशीने खरवडली, नवा सरस ओतला, पाचरी मारल्या, सहा स्क्रू आवळले. अर्धा तास गेला. बाई वर बसून बघत होत्या, विचारत होत्या. सरस कशाचा, पाचर तिरकी का. शिक्षिकाच त्या. कारखानदार खाली हातात स्क्रू धरून उभा होता आणि मागितला की एकेक देत होता. पायरी पुन्हा मुकी झाली.

"उद्या सकाळपर्यंत हिच्यावर पाय ठेवायचा नाही," गुण्या म्हणाला. "बाई, तुम्ही परत वर जा आणि लिफ्टने उतरा."

"मी इथूनच उतरणार," बाई म्हणाल्या.

कारखानदार आठव्या पायरीपर्यंत चढला. त्याने हात पुढे केला. बाईंनी तो धरला, दुखरा पाय आधी सोडला, आणि नववी ओलांडून खाली आल्या.

संध्याकाळी बायकोने सगळं खोदून खोदून विचारलं. बाई काय नेसल्या होत्या, काय म्हणाल्या, तो काय म्हणाला. गुण्याने जमेल तेवढं सांगितलं.

"आणि खाली आल्यावर? हात सोडला की नाही?"

"मला काय ठाऊक? सरस फळीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आला होता. वाळायच्या आत पुसायला नको?"

"पुसा!" बायको म्हणाली. "तेवढंच बघा तुम्ही."