बाबा राह्यले नाही

छाया, हे पत्र निवांत बसून वाच. आधी तो मोबाईल उलटा ठेव. परवा ग्रुपवर तू काय लिहिलं? "आईले नेलं." बस, एवढंच. अगं, कुठं नेलं, काहून नेलं? तुही सासू माही सख्खी बहीण हाय. भाजी चिरता चिरता मी खालीच बसली. मंग कळलं, पाय मुरगळला म्हणून एक्स-रे काढाले नेलं. तू आमच्यात नवी आली, म्हणून रागावत नाही. आमच्या घरी काय झालतं ते सांगते. ज्याच्या घरी दुखणं येईल त्याच्या कामाचं हाय, म्हणून लिहूनच काढते.

सोनोग्राफीवाल्या बाईनं ह्यांच्या उजव्या बरगडीखाली मशीन फिरवलं अन् एका जागी थांबवलं. तिथंच मी समजली. डॉक्टरनं कागद पाह्यला, म्हणाले, "अ‍ॅक्यूट कोलेसिस्टायटिस." म्हणजे पित्ताच्या पिशवीले सूज. पिशवीच्या तोंडाशी खडा अडकलता अन् आत पू धरला होता.

त्याआधी कितीक दिवस हे जेवले की पोट धरून बसायचे. गॅस हाय म्हणायचे, ओवा चघळायचे. मंग दुखणं पाठीत जायला लागलं, ताप आला, उलट्या झाल्या. तुह्या घरी कोणाले असं झालं तर ओव्यावर विश्वास ठेवू नको. डॉक्टरले दाखव.

आमचं गाव हिंदी राज्यात, म्हणून डॉक्टर आमच्याशी हिंदीतच बोलतात. म्हणाले, "अम्मा, आज ही भर्ती करो. थैली फट गई तो ज़हर पूरे पेट में फैलेगा."

पण हे ऐकतील तर ना. जन्मभर तहसिलीत लोकांच्या अर्ज्या फिरवल्या, आता डॉक्टरले फिरवून राह्यले. म्हणे सुई द्या, गोळ्या द्या, मी आपल्या खाटेवर झोपीन. डॉक्टरनं समजावलं, नर्सनं समजावलं, मी तर हातच जोडले. ह्यांनी 'अपनी मर्ज़ी से जा रहा हूँ' असं लिहून दिलं अन् ऑटोत जाऊन बसले.

मले आला राग. ऑटो गचके खाऊन राह्यला, अन् मी घरच्या ग्रुपवर लिहिलं: "डॉक्टरनं लय कोशिश केली. पण बाबा राह्यले नाही. आता घरी घेऊन येऊन राह्यली."

आता सांग, याच्यात चूक कुठं हाय? दवाखान्यात राह्यले नाही, म्हणून राह्यले नाही. माहं मराठी तेव्हाही बरोबर होतं अन् आजही बरोबर हाय.

पण आमचा पोरगा अनूप लहानपणापासून हिंदी शाळेत शिकला, आता रायपूरले नोकरीत. मराठी कानानं समजतो, डोळ्यानं हिंदी वाचतो. त्यानं वाचलं, बाबा नहीं रहे, म्हणजे बाबा गेले. वरून डॉक्टरची कोशिश, अन् खाली घरी घेऊन येणं. मी जणू एकेक ओळ मोजूनच घातली होती.

फोन दवाखान्यात मुका केलता, तसाच पिशवीत राह्यला.

आम्ही घरी पोचलो, ह्यांले अंगणात खुर्चीवर बसवलं. मी आत पाणी तापवून राह्यली होती. इतक्यात फाटकाशी मोटारसायकल थांबली. राजेगावचा माहा दीर. खांद्यावर पांढरा गमछा, डोळे लाल. ह्यांले पाहून जागीच थिजला.

"दादा, तू?"

"मंग तुले कोण पाहिजे होतं?"

तो मटकन पायरीवर बसला अन् रडता रडता हसायला लागला. मी पिशवीतून फोन काढला. ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती, अन् अनूपचे फोनावर फोन येऊन गेलते.

मी लावला, त्यानं उचलला. गाडी रस्त्याच्या कडेले उभी करून बसला होता. मी फोन ह्यांच्या हाती दिला.

"अरे, मी बोलून राह्यलो. मले काही नाही झालं."

मंग पोरगं म्हणालं, "बाबा, मैं तो कंधा देने निकला था."

ह्यांनी फोन मांडीवर ठेवला, पोटावर हात दाबून उठले अन् माह्याकडं न पाहता म्हणाले, "थैली भर. भरती होतो."

त्याच ऑटोवाल्याले परत बोलावलं. तो येईपर्यंत दीरानं सगळ्यांले फोन करून खरं काय ते कळवलं.

सलाईनमधून अँटिबायोटिक, म्हणजे जंतू मारायचं औषध, सुरू झालं. अनूप सरळ दवाखान्यातच आला अन् ह्यांचे पाय धरून बसला, डॉक्टर राउंडले आले तरी उठेना. मंग लॅप्रोस्कोपी झाली. म्हणजे पोट न फाडता बारीक भोकं पाडून दुर्बिणीनं पिशवी काढतात. बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाले, "घर पे रहते तो आज ये बात नहीं हो रही होती."

ऑपरेशन चालू असतानी बाकावर बसून मी ग्रुपवर लिहिलं. "बाबा जिवंत आहेत" हे पहिलंच वाक्य. मंग कुठं आहेत, डॉक्टर काय म्हणाले, आता काय चालू हाय. अनूपले म्हटलं, वाच, काय समजलं ते तुह्या हिंदीत सांग. त्यानं बरोबर सांगितलं, तेव्हाच पाठवलं. आता मी असंच करते. दुखण्याची बातमी आधी फोनवर तोंडानं सांगते, मंग लिहिते. अन् वाचणारा कोणत्या भाषेत वाचील, ते आधी पाहते.

हे आता तूप सोडून सगळं खातात. आल्यागेल्याले सांगतात, बायकोनं ग्रुपवर मारलं म्हणून मी वाचलो. खरंच हाय ते. त्या डॉक्टरचे उपकार तर हायेतच. पण त्या दिवशी पोरगं जे बोललं, ते ह्यांच्या कानी पडलं नसतं, तर हे काही खुर्चीवरून उठत नव्हते.

तर छाया, माह्या बहिणीचा पाय बरा झाला की तिले घेऊन ये. तुमच्या तिरोडीहून गाडी हाय, काही दूर नाही. लौकर ये, ह्यांलेही तुले पाहायचं हाय. अन् नुसतं "आईले घेऊन निघाली" असं लिहू नको, बाई. फोन कर.