नलूवहिनींची रिकामी खोली

मंदारचा फोन आला तेव्हा मी दिल्लीतल्या द्वारकेच्या घरी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. "मावशी, आई गेली," तो म्हणाला. तोंडातला चिमटा काढून मी म्हटलं, "आज कशी गेली? सोमवारी बंद असतं ना ते म्युझियम?" मग तो हळूच म्हणाला, "नाही गं मावशी… खरंच गेली. सकाळी चहाला उठवायला गेलो तर…" आणि त्याला एकदम हसू आलं, हसताहसता रडू आलं. मी हातातला ओला टॉवेल छातीशी धरून तशीच उभी राहिले. नलूवहिनी गेल्याचं मला असं कळलं. त्या असत्या तर त्यांनी हा किस्सा निदान महिनाभर सगळ्यांना सांगितला असता.

आमची ओळख सरोजिनी नगरची. नवऱ्याच्या बदलीमुळे मी पुण्याहून दिल्लीला आले ती त्यांच्या वरच्या क्वार्टरमध्ये. खाली त्या, त्यांचे यजमान अण्णा आणि लहानगा मंदार. कागदोपत्री तीन माणसांचं ते बिऱ्हाड, पण मी तिथे तीनच माणसं असल्याचं कधी पाहिलं नाही. महाराष्ट्रातून दिल्लीला येणाऱ्या प्रत्येकाजवळ त्यांचा पत्ता असायचा. कुणी मुलाखतीला आलेलं, कुणी मोठ्या इस्पितळात आईला दाखवायला, कुणी वैष्णोदेवीला जाताना आणि मग तिथून येताना पुन्हा. छावणीतले जवान सुट्टीच्या दिवशी पिठलं-भाकरी खायला यायचे आणि जाताना ताटं घासून जायचे. रात्री त्या घरात पाणी प्यायला उठायचं तर पाय कुठे ठेवायचा हा प्रश्न असे. वहिनी कुठलीही जमीन डोळ्यांनी मापायच्या. आम्ही कुणाच्या लग्नाला गेलो की हॉलकडे बघून म्हणायच्या, "आडवे घातले तर पंधरा. तिरके घातले तर वीस."

एकदा मी विरजण मागायला खाली गेले, तर स्वयंपाकघराच्या दारात एक गृहस्थ आरसा टेकवून दाढी करत होते. नमस्कार-चमत्कार झाले. आठवडाभर ते गृहस्थ तिथे राहिले, दोन्ही वेळ जेवले, मंदारला इतिहास शिकवला, आमटीत गूळ कमी असल्याचंही एकदा बोलून दाखवलं. ते गेल्यावर वहिनी अण्णांना म्हणाल्या, "तुमचे मामा स्वभावाने बरे आहेत हो." अण्णा म्हणाले, "माझे? मला वाटलं तुझ्याकडचे." मागाहून कळलं की त्यांना पलीकडच्या ब्लॉकमधल्या देशपांड्यांकडे जायचं होतं. दार उघडल्याबरोबर वहिनींनी हातातली पिशवी काढून घेतली आणि "आधी हातपाय धुवा" म्हटलं, त्यामुळे त्यांना विचारायला संधीच मिळाली नाही. आम्ही पोट धरधरून हसलो. पण त्या दिवशी हसून झाल्यावर पदराने डोळे पुसत वहिनी म्हणाल्या होत्या, "शैला, मला कुणाला नाही म्हणताच येत नाही गं. तोंडच उघडत नाही." मी तेही हसण्यावारी नेलं.

पुढे अण्णा निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं; काही वर्षांनी अण्णाही गेले आणि वहिनी मंदारकडे गुरुग्रामला राहायला गेल्या. अठरावा मजला. मंदारची बायको रितू मूळची इथलीच, पंजाबी. घरात हिंदी, इंग्रजी आणि मंदारचं मोडकंतोडकं मराठी. वहिनींना जन्मात पहिल्यांदा स्वतःची खोली मिळाली. त्या खोलीत त्यांनी सरोजिनी नगरचं सगळं सामान भरलं. ट्रंका, गाद्यांच्या वळकट्या, रजया, पातेली, पाहुण्यांसाठीचे जादा तांबे. खिडकीपर्यंत पोचायला बाजूने सरकत जावं लागे. मंदार वैतागे, "आई, यार, हे सगळं कशासाठी? इथे कोण येतंय?" त्या म्हणत, "कुणी आलं तर?" पण अठराव्या मजल्यावर न सांगता कोण येणार? खाली गेटवर नाव लिहून, फोन करून, परवानगी मिळाली तरच माणूस वर येतो. मला वाटतं, त्या गाद्या आणि त्या, दोघीही वाट बघत होत्या.

तर त्या म्युझियमचे पास मंदारला ऑफिसात मिळाले. गुरुग्रामच्या पुढे, टॉवर संपून मोकळी जमीन सुरू होते तिथे एका उद्योगपतीने आपला संग्रह ठेवायला ते बांधलेलं आहे. मंदारला वेळ नव्हता, म्हणून आम्ही दोघी टॅक्सीने गेलो. वहिनींना वाटलं जुनी नाणी, तलवारी, झालंच तर एखादी ममी असेल. त्यांनी काठापदराची साडी नेसली होती. आत शिरलो तर पांढराशुभ्र दिवाणखाना, विमानतळाएवढा. भिंती कोऱ्या. मधोमध जमिनीवर पोलादाचा एक काळा ठोकळा, आणि लांब कोपऱ्यात सारख्या आकाराच्या चार रिकाम्या पेट्या. बस्स. वहिनींनी चारी बाजूंना पाहिलं आणि तिथे उभ्या असलेल्या मुलीला आपल्या हिंदीत विचारलं, "बेटी, इनका बाकी का सामान कब आनेवाला है?"

"आंटी जी, बस यही है."

"बस यही?"

"जी."

मला हसू आवरेना. मी त्यांच्याकडे बघितलं, आता काय बोलतात म्हणून. पण वहिनी तिथून हलल्या होत्या. त्या भिंतीच्या कडेने सावकाश चालत गेल्या, पार टोकापर्यंत, तिथून परत. येऊन माझ्याजवळ उभ्या राहिल्या आणि देवळात बोलावं तशा आवाजात म्हणाल्या, "शैला, केवढी जागा गं ही… आणि कुणी झोपलेलं नाही."

बाहेरच्या अंगणात याहून मोठा प्रकार होता. गंजलेल्या पोलादाच्या दोन मजली उंच भिंती, वाकवून एकात एक गुंडाळलेल्या. वरून पाहिलं तर चकलीसारख्या दिसत असतील. मधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट. वहिनी आत शिरल्या आणि दिसेनाशा झाल्या. मी बाकावर बसून राहिले. पुष्कळ वेळ झाला, तरी बाहेर येईनात. हाक मारली, तर माझाच आवाज भिंतींवर आपटत गोल फिरून माझ्याकडे आला. त्यांना रक्तदाब, गुडघे दुखतात, आत चक्कर येऊन पडल्या असतील तर… मी गार्डला बोलावलं. त्या बिचाऱ्याने तोंडाशी हात नेऊन आरोळी दिली, "आंटी जी! बाहर आ जाइए!" त्यावर त्या पोलादाच्या पोटातून, स्पष्ट आणि ठणठणीत, वहिनींचा आवाज आला, "अभी नहीं!"

आमच्या इतक्या वर्षांच्या ओळखीत मी त्यांच्या तोंडून ऐकलेला तो पहिला नकार.

त्यानंतर त्यांना छंदच लागला. दर गुरुवारी, एकट्या, टॅक्सी करून जायच्या. तिथल्या मुली त्यांना ओळखू लागल्या. त्या मुलींसाठी नेलेले बेसनाचे लाडू दारावरच काढून घेतले जात आणि गार्ड ते खात, यालाही त्यांची हरकत नव्हती. गावाकडून कुणी आलं की पूर्वी कुतुबमिनार दाखवायच्या, आता इथे आणू लागल्या. साताऱ्याचे त्यांचे थोरले दीर आले होते. पांढऱ्या रंगाशिवाय दुसरं काहीच नसलेल्या एका भल्यामोठ्या चित्रापुढे उभं राहून ते म्हणाले, "पुट्टी मारून झालेली दिसते. रंग कधी काढणार?" वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, जरा गप्प बसा. गप्प बसायलाच आणलंय तुम्हाला इथे." भाऊजी इतके हबकले की परत साताऱ्याला जाईपर्यंत त्यांनी फारसं तोंड उघडलं नाही.

आणि मग एक दिवस त्यांनी खोली रिकामी करायला घेतली. रजया सोसायटीच्या गार्ड लोकांना, पातेली कामवाल्या बायकांना, ट्रंका भंगारवाल्याला. कपाट गेलं, खुर्ची गेली, भिंतीवरची कॅलेंडरं गेली. अण्णांचा फोटो त्यांनी बाहेर बैठकीत लावला, "त्यांना माणसं लागतात" म्हणून. एक अरुंद पलंग भिंतीला लावून ठेवला, आणि उरलेल्या मोकळ्या फरशीच्या मधोमध आपला जुना काळा पाटा. दोघा गार्डनी तो लिफ्टमधून वर आणला होता तेव्हापासून तो गाद्यांखाली पडून होता. वरवंटा मात्र त्यांनी खोलीत येऊ दिला नाही. "दोन झाले की गर्दी होते," म्हणाल्या. रितूला अंधारात ठेच लागली. तिने विचारलं, "मम्मी जी, ये क्या है?" वहिनी शांतपणे म्हणाल्या, "स्कल्प्चर. हाथ नहीं लगाना."

मंदार घाबरला. त्याने मला फोन केला, "मावशी, आई सगळं खाली करतेय. वाटून टाकतेय. माणूस असं केव्हा करतो, माहितीये ना तुला?" त्याने एका समुपदेशक बाईंना घरी बोलावलं आणि मलाही. बसायला खुर्ची नसल्यामुळे त्या बाई सुटाबुटातच नेटकी मांडी घालून फरशीवर बसल्या. अतिशय प्रेमाने त्यांनी विचारलं, "माताजी, आपको अकेलापन लगता है?" वहिनी खुलल्या. म्हणाल्या, "अब जाके लगने लगा है. बहुत अच्छा लगता है." त्या बाईंनी लिहायला उघडलेलं पेन पुन्हा बंद केलं. त्या गेल्यावर मंदार रडवेला होऊन म्हणाला, "आई, खरं सांग, तू जायची तयारी करतेयस का?" "अरे, जायचं असतं तर मागच्यांना आवरायला ठेवलं असतं," वहिनी म्हणाल्या. "मी राहायची तयारी करतेय."

खरी कसोटी लागली ती रितूच्या भावाच्या लग्नात. तिच्या आजोळची माणसं लुधियान्याहून यायची होती. मंदारने सहज ठरवून टाकलं, रितूचे मामा-मामी आईच्या खोलीत, खाली गाद्या घालून, आई हॉलमध्ये. यात विचारण्यासारखं काही आहे असंही त्याला वाटलं नाही, आणि वाटावं तरी का? जन्मापासून त्याने तेच पाहिलेलं. वहिनींनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. "माझ्या खोलीत नाही," त्या म्हणाल्या. मंदारला वाटलं, आपल्याला मराठी समजलं नाही. त्याने पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. मग तो चिडला; आयुष्यभर ओळखीपाळखी नसलेल्यांना घरात घेतलंस आणि आता सुनेच्या माणसांना नाही म्हणतेस, रितूला काय वाटेल, असं बरंच काही बोलला. आणि रितू, जिचा हा अपमान व्हायचा होता, ती मोबाइलवरून मान वर करून म्हणाली, "मंदार, वो मम्मी जी का कमरा है. मेरे मामा होटल में रहेंगे. वैसे भी वो खर्राटे लेते हैं."

त्या संध्याकाळी वहिनींनी मला फोन केला. "नाही म्हणून तर बसले गं शैला. वाटलं, आता ही पोर आयुष्यभर माझ्याशी बोलायची नाही… आणि तीच उभी राहिली बघ माझ्या बाजूने." मग म्हणाल्या, "इतकी वर्षं मला वाटायचं, नाही म्हटलं की माणसं जातात. तसं काही नसतं."

उलटंच झालं. रितू ऑफिसातून आली की पर्स ठेवून सरळ त्या खोलीत जाऊन भिंतीला टेकून बसू लागली. मोबाइल बाहेर, फ्रिजवर, ही वहिनींची अट. दोघींची भाषा वेगळी, आवडीनिवडी वेगळ्या. आजवर डब्यात काय द्यायचं यापलीकडे त्यांचं बोलणं गेलं नव्हतं. आता त्या बोलायच्याच नाहीत. मी एकदा दाराशी उभी राहून पाहिलं. एक पलंगावर, एक फरशीवर, खिडकीत उन्हाची शेवटची तिरीप, आणि घरात असूनही कुणी कुणाला हाक मारत नाही. मला आत जावंसं वाटलं, आणि जाऊ नये असंही वाटलं.

दिवस वगैरे सगळं झाल्यावर, गेल्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेले. मंदारच्या मनात त्या खोलीत आपलं ऑफिसचं टेबल लावायचं आहे असं ऐकलं होतं. टेबलाचं खोकं बाहेर हॉलमध्ये उभं होतं, न उघडलेलं. रितूने चहा विचारला नाही, नुसतं माझा हात धरून आत नेलं. ओलं फडकं घेऊन तिने तो पाटा पुसला. रोज सकाळी पुसते म्हणाली, मम्मी जी पुसायच्या तसा. मग आम्ही दोघी भिंतीला टेकून बसलो. थोड्या वेळाने मंदार दारात आला. आमच्याकडे, पाट्याकडे, पुन्हा आमच्याकडे बघून म्हणाला, "मावशी, ह्यात नेमकं बघायचं काय असतं?"

"मला काय माहीत रे? बस."

तो बसला. ओला पाटा काळाभोर दिसत होता. मग कडेकडेने तो वाळू लागला, करडा होऊ लागला. मधला काळा ओलावा आक्रसत आक्रसत रुपयाएवढा उरला. तो ठिपका पूर्ण नाहीसा होईपर्यंत आम्ही तिघंही हललो नाही.